रेघ कोणत्या ठिपक्यांतून जाते?

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचं वेळापत्रक लागलं तेव्हा त्यातलं एकच नाव ओळखीचं वाटलं होतं : कॉम्प्युटर ग्राफिक्स. मुंबई विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात कॉम्प्युटर शाखेला हा विषय तिसऱ्या सेमिस्टरला येतो. गणित, डिस्क्रीट स्ट्रक्चर्स, डेटा स्ट्रक्चर आणि डिजिटल लॉजिक यांच्या सोबतीला. बाकीच्या नावांची धास्ती होती, याची नव्हती. ग्राफिक्स म्हणजे गेम, ॲनिमेशन, सिनेमातले डायनोसॉर, असंच डोक्यात होतं. मी धरमतरची. अलिबाग-पनवेल एसटी पकडायची, वडखळ, पेण करत कॉलेज गाठायचं आणि संध्याकाळी त्याच रस्त्याने परत यायचं. प्रवासात निदान या एका विषयाचा अभ्यास मजेत होईल अशी माझी खात्री होती.

पहिल्या तासाला सरांनी फळ्यावर चौकटी आखल्या, त्यात दोन टोकांना दोन ठिपके भरले आणि विचारलं, "या दोघांना जोडणारी रेघ काढायची आहे. मधल्या कोणत्या चौकटी भराल?"

वर्गात कोणी बोलेना. उत्तर येत नव्हतं हा पुढचा भाग, मला तर प्रश्नच कळला नव्हता. रेघ म्हणजे पट्टी ठेवायची आणि पेन्सिल ओढायची. तिच्यातले ठिपके निवडावे लागतात, आणि निवडणारा कोणीतरी असावा लागतो, हे शाळेपासून आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. पडद्यावर मात्र रेघ नावाची वस्तूच नसते. तिथे फक्त ठिपके असतात, पिक्सेल. प्रॅक्टिकलला आम्ही वापरतो त्या ग्राफिक्स मोडमध्ये आडवे ६४० आणि उभे ४८०, म्हणजे एकूण ३,०७,२०० ठिपके आणि १६ रंग. प्रत्येक ठिपका पेटवायचा की नाही आणि कोणत्या रंगात, एवढंच तुमच्या हातात. तिरकी रेघ दोन ठिपक्यांच्या मधून जाते तेव्हा खरी जागा कुठेच उपलब्ध नसते. वरचा घ्या किंवा खालचा घ्या.

प्रॅक्टिकलचा गोंधळ आणखी निराळा. टर्बो सी हे माझ्या जन्माआधीचं सॉफ्टवेअर. ते आजच्या विंडोजवर सरळ चालत नाही, म्हणून आधी डॉसबॉक्स चालू करायचं आणि त्याच्या पोटात टर्बो सी. मग 'इनिटग्राफ' नावाच्या फंक्शनला ड्रायव्हर, मोड आणि बीजीआय फोल्डरचा पत्ता द्यायचा, तेव्हा कुठे काळा पडदा उघडतो. त्या पडद्यावर शून्य-शून्य हा बिंदू डाव्या कोपऱ्यात, पण वर. वाय वाढला की आपण खाली जातो. दहावीपर्यंत आलेखाच्या कागदावर वर जाणारा वाय इथे खाली का जातो, याचं कारण मला बऱ्याच दिवसांनी एका जुन्या पुस्तकात मिळालं. जुन्या काचेच्या पडद्यावर इलेक्ट्रॉनचा झोत डाव्या वरच्या कोपऱ्यातून निघून एकेक ओळ करत खाली यायचा, आणि मेमरीतली मोजणीही त्याच क्रमाने ठेवली गेली. पडदे बदलले, क्रम राहिला. हे एक वाक्य पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर पुलाचं चित्र काढताना सगळे खांब आकाशाकडे का निघालेत हे मला लगेच उमगलं असतं.

दुसऱ्या आठवड्यात रेघेचे ठिपके निवडणारा ब्रेसनहॅमचा अल्गोरिदम आला. फळ्यावर सूत्र आलं : पी बरोबर दोन डीवाय वजा डीएक्स (डीएक्स म्हणजे रेघेचं आडवं अंतर, डीवाय म्हणजे उभं). पी ऋण असेल तर पुढचा ठिपका त्याच ओळीत घ्या आणि पीमध्ये दोन डीवाय मिळवा. नसेल तर एक ओळ वर चढा आणि पीमध्ये दोन डीवाय वजा दोन डीएक्स मिळवा. आम्ही ते उतरवून घेतलं. जर्नलमध्ये अल्गोरिदम लिहिला, प्रोग्राम लिहिला, आउटपुटची प्रिंट चिकटवली, सही घेतली. तोंडी परीक्षेत विचारलं असतं तर मी ते घडाघडा म्हणून दाखवलं असतं. पण पी म्हणजे काय? तो कशाचं माप आहे? आणि त्यातला 'दोन' कुठून आला? वर्गात बहुतेकांना हा दोन दिसतच नव्हता, मला मात्र तो सोडत नव्हता. पुस्तकात त्याची सिद्धता होती, पण तीही अशी लिहिलेली की एका पायरीवरून दुसरीवर जाताना मधली जमीनच दिसू नये.

शेवटी मी शाळेतली आलेखवही काढली आणि शून्य-शून्यपासून आठ-तीनपर्यंतची रेघ हाताने करायला घेतली. हे मी इथे सविस्तर सांगते, कारण या विषयातली माझी खरी सुरुवात तिथे झाली. आठ पावलं उजवीकडे जायचं आणि तेवढ्यात तीन पावलं वर चढायचं. म्हणजे दर पावलाला रेघ तीन अष्टमांश चढते. पहिल्या पावलाला उंची ०.३७५. अर्ध्याहून कमी, म्हणून खालचाच ठिपका. दुसऱ्याला ०.७५. अर्ध्याहून जास्त, म्हणून वर चढा. तिसऱ्याला १.१२५, तिथेच राहा. चौथ्याला बरोबर १.५. दोन्ही ठिपके सारखेच लांब. अशा वेळी काय करायचं हे कुठेतरी आधी ठरवून ठेवावं लागतं, आणि आमच्या सूत्रात ते ठरलेलं होतं : पी शून्य आला की वर चढा. पुढे १.८७५, २.२५, २.६२५ आणि शेवटी ३. वाय असे आले : ०, ०, १, १, २, २, २, ३, ३. नऊ ठिपके.

आता त्याच शेजारी सूत्राने. दोन गुणिले तीन वजा आठ, म्हणजे पीची सुरुवात उणे दोनने. ऋण, म्हणून त्याच ओळीत. सहा मिळवले, चार झाले. धन, म्हणून चढा, दहा वजा करा, उणे सहा. पुन्हा त्याच ओळीत, सहा मिळवले, शून्य. चढा, उणे दहा. मग उणे चार, दोन, उणे आठ. ठिपके तेच. एकही अपूर्णांक नाही, सुरुवातीचं दुप्पट करणं सोडलं तर एकही गुणाकार नाही, फक्त बेरीज-वजाबाकी आणि चिन्ह बघणं.

आणि तो 'दोन' माझ्यासमोर उभा होता. दर पावलाला आपण एकच गोष्ट विचारतोय : रेघ अर्ध्याच्या वर गेली की खाली राहिली? त्या 'अर्ध्या'तला छेद काढून टाकायला सगळं दोनाने गुणायचं, आणि चढातला छेद काढून टाकायला डीएक्सने. उरतात पूर्णांक. पी म्हणजे खरी रेघ आणि दोन ठिपक्यांमधला मध्य यांतलं अंतर, फक्त गुणून मोठं केलेलं. तीन ओळींचं हे स्पष्टीकरण. ते कळल्यावर सूत्र पाठ करायची गरज उरली नाही, केव्हाही पुन्हा मांडता येतं.

हे कोणी आणि का केलं ते वाचल्यावर त्यातली निकड आणखी कळली. जॅक ब्रेसनहॅम आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत होते. त्यांच्याकडे पडदा नव्हता, आयबीएम १४०१ या संगणकाला जोडलेला कॅलकॉम्पचा प्लॉटर होता, म्हणजे कागदावर पेन फिरवणारं यंत्र. त्या पेनाला आठ दिशांना छोटी छोटी पावलं टाकता यायची, बाकी काही नाही. आणि त्या काळच्या यंत्राला अपूर्णांकांचा गुणाकार फार महाग पडायचा. १९६२ मध्ये त्यांनी ही पद्धत बसवली, १९६५ मध्ये ती आयबीएमच्या नियतकालिकात छापून आली. म्हणजे आम्ही जे जर्नलमध्ये उतरवत होतो ते एका खऱ्या माणसाने एका खऱ्या अडचणीतून काढलेला मार्ग होता. फळ्यावर अडचण आली नव्हती, नुसता मार्ग आला होता. माझी या विषयाच्या शिकवण्याबद्दल मुख्य तक्रार हीच आहे, आणि ती एका कॉलेजची किंवा एका सरांची नाही.

बंद आकृतीत रंग भरण्याचा अल्गोरिदम आला तेव्हा मात्र मला पहिल्यांदा वाटलं की हे आपल्याकडचं आहे. आत एका ठिपक्यावर रंग टाकायचा. त्याचे शेजारी बघायचे. शेजारी कडेच्या रंगाचा नसेल आणि अजून भरलेला नसेल तर तो भरायचा, मग त्याचे शेजारी. असं करत रंग कडेपर्यंत पोचतो आणि थांबतो. पण कडेत एकच ठिपका सुटलेला असेल तर रंग बाहेर पडतो आणि संपूर्ण पडदा भरून टाकतो. खारेपाटात राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या शेतांच्या आणि खाडीच्या मधे मातीचा बांध असतो. खेकड्याच्या बिळातून पाणी झिरपायला लागतं, उधाणाला तिथे खांड जाते आणि एका रात्रीत सगळी खार खाऱ्या पाण्याखाली. जमीन पुढे कित्येक पावसाळे भात देत नाही. आजोबा बांधावर चालताना नजर पायाशी ठेवून चालायचे. "मोठं भोक कोणालाही दिसतं," ते म्हणायचे, "बारकं बघायला शिक."

प्रॅक्टिकलला मी होडीचा आकार काढला, ब्रेसनहॅमच्याच रेघांनी, आणि आत निळा भरायला घेतला. चार शेजारी बघणाऱ्या पद्धतीने रंग नीट आत राहिला. आठ शेजारी बघणारी पद्धत लावली तर तोच रंग बाहेर पडला आणि पडदा निळा झाला. आकृती तीच, कडेत एकही ठिपका सुटलेला नाही. मी पडद्याजवळ डोळे नेऊन पाहिलं, मग ती कड आलेखवहीवर मोठी करून काढली. तिरकी रेघ एक ओळ चढते तिथे खालचा ठिपका आणि वरचा ठिपका एकमेकांना फक्त कोपऱ्याने टेकतात. आडवी-उभी चाल असेल तर त्या कोपऱ्यातून जाता येत नाही. तिरकी चाल मिळाली की जाता येतं. म्हणजे आकृती बंद आहे की उघडी, हे एकट्या कडेवर ठरत नाही. आत भरणाऱ्याला कोणत्या दिशांना पाऊल टाकता येतं त्यावरही ठरतं. रेघेचा धडा आणि रंगाचा धडा वेगवेगळ्या पानांवर होते, परीक्षेत त्यांचे प्रश्नही वेगळे येतात. ते एकाच कोपऱ्यात एकमेकांना भिडतात हे मला त्या दिवशी दिसलं. संध्याकाळची एसटी चुकली, पण त्याचं काही वाटलं नाही.

त्याच प्रोग्रामने मोठी आकृती भरायला घेतली की तो मधेच बंद पडायचा, कारण प्रत्येक ठिपका आपल्या शेजाऱ्यांसाठी स्वतःलाच पुन्हा हाक मारतो आणि स्टॅक भरून जातो. म्हणून ओळीओळीने भरणारी पद्धत शिकवतात. ती कंटाळवाणी वाटली होती, आता तिची गरज पटली.

ट्रान्सफॉर्मेशनमध्ये मी पुन्हा हरवले. सरकवणं, फिरवणं, लहान-मोठं करणं, प्रत्येकासाठी मॅट्रिक्स. दोन बाय दोनची मॅट्रिक्स फिरवायला पुरते, मग अचानक सगळीकडे तीन बाय तीन का? सपाट चित्रात प्रत्येक बिंदूला तिसरा आकडा, तोही नेहमी एक, कशासाठी? मिनी प्रोजेक्टसाठी मी धरमतरची खाडी घेतली होती. समुद्रात नांगरलेल्या मोठ्या जहाजांवरून कोळसा आणि खनिज भरून बार्ज अंबा नदीच्या मुखातून आत येतात, आणि पुलावरून ते रोज दिसतात. माझा बार्ज डावीकडून येणार होता, जेटीपाशी वळणार होता आणि थांबणार होता. डावीकडून येणं जमलं. वळायला सांगितल्यावर तो जेटी सोडून पडद्याच्या वरच्या कोपऱ्याभोवती मोठा फेरा मारत दिसेनासा झाला.

कारण साधं होतं, पण मला ते उलगडायला कागद लागला. फिरवणारी मॅट्रिक्स नेहमी शून्य-शून्यभोवतीच फिरवते. बार्जला स्वतःभोवती फिरवायचं तर आधी तो उचलून शून्यावर आणायचा, फिरवायचा, परत जागेवर ठेवायचा. तीन कामं, आणि क्रम बदलला की चित्र बदलतं. आता उचलून ठेवणं हे दोन बाय दोनच्या गुणाकारात बसूच शकत नाही, कारण शून्य-शून्यला कशानेही गुणलं तरी ते शून्य-शून्यच राहतं, जागचं हलत नाही. म्हणून तिसरा आकडा एक. त्या एकाला गुणून सरकण्याचं अंतर मिळवता येतं, आणि तिन्ही कामं एकाच गुणाकारात गुंडाळता येतात. ही युक्ती संगणकाच्या कितीतरी आधीची. ऑगस्ट मोबियस या जर्मन गणितज्ञाच्या १८२७ च्या ग्रंथातली. शून्याला गुणून हलवता येत नाही, हे एक वाक्य फळ्यावर आधी आलं असतं तर पुढची मॅट्रिक्स आम्ही स्वतः मागितली असती.

क्लिपिंग, म्हणजे खिडकीबाहेरचा भाग कापून टाकणं, त्या मानाने लवकर कळलं. खिडकीच्या भोवतीच्या नऊ भागांना चार-चार बिटांचे सांकेतिक आकडे द्यायचे आणि रेघ आत आहे की बाहेर हे त्यावरून ठरवायचं. परस्पेक्टिव्ह तर घरी जाताना दिसतंच. धरमतरच्या पुलावर उभं राहून पोयनाडकडे बघितलं की दिव्याचे खांब लहान होत जातात, दुप्पट लांबचा खांब निम्मा दिसतो. अंतराने भागायचं, बस्स. इतकी देखणी गोष्ट इतक्या छोट्या भागाकारात बसते याचं मला अजूनही नवल वाटतं.

वक्ररेषांनी मला वेगळ्याच ठिकाणी नेलं. रेनो कंपनीतले पिएर बेझिए आणि त्यांच्याही आधी, १९५९ पासून, सिट्रोएनमधले पॉल द कास्तेल्जो, दोघेही मोटारींच्या पत्र्याचे आकार गणितात मांडायचा मार्ग शोधत होते. मोजके बिंदू द्यायचे, वक्ररेषा त्यांच्याकडे ओढली जाते. पहिल्या आणि शेवटच्या बिंदूतून जाते, मधल्यांतून साधारणपणे जात नाही. मला यात काय करायचं ते कळेना, तोवर कॉलेजातल्या एक मॅडम म्हणाल्या, "तुझ्या मोबाइलवरचं प्रत्येक अक्षर असंच काढलेलं आहे." विंडोजमधला मंगल हा देवनागरी फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडवला. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन केंद्रात ते शिकवायचे, सुलेखनातलं मोठं नाव. मी मंगलमधला 'अ' फॉन्ट उघडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मोठा करून पाहिला. पोटाच्या गोलाईवर बिंदू, बाहेर ओढ देणारे बिंदू. एक बिंदू जरा हलवला की अक्षराचा सगळा डौल जातो. ते बिंदू कुठे ठेवायचे हे बोरूच्या सरावातून आलेल्या नजरेने ठरवलेलं आहे. गणित त्या नजरेला जागेवर धरून ठेवतं. ग्राफिक्समध्ये कलेला जागा कुठे आहे असं कोणी विचारलं तर मी हा 'अ' दाखवीन.

प्रकाश आणि छटा हा भाग आम्हाला परीक्षेपुरताही फारसा नव्हता. तो मी आपणहून वाचला, कारण आमच्याकडेच तो डोळ्यांसमोर असतो. हमरापूर-जोहे भागातल्या गणपतीच्या कारखान्यांत रंग लावण्याआधीच्या पांढऱ्या मूर्तींच्या रांगा असतात. खिडकीकडे तोंड केलेली सोंडेची बाजू उजळ, वळत गेलेली बाजू हळूहळू करडी. प्रकाश पृष्ठभागावर जितका तिरका पडेल तितकं तेज कमी, कोनाच्या कोसाइनच्या प्रमाणात, हे लँबर्टने १७६० मध्ये मांडलं. त्या कारखान्यात मी ते पोटाच्या गोलाईवर अक्षरशः बोट फिरवून पाहिलं. पुढे रंगकाम होऊन वार्निश लागलं की पोटावर आणि मुकुटावर चमकीचा एक ठिपका येतो, आणि आपण सरकलो की तो ठिपकाही सरकतो. संगणकावर ती चमक कशी आणायची हे बुई तुओंग फोंग या व्हिएतनामी तरुणाने युटा विद्यापीठातल्या १९७३ च्या प्रबंधात दाखवलं. त्याच विद्यापीठात १९७१ मध्ये आँरी गुरो यांनी संगणकावर सपाट तुकड्यांनी घडवलेल्या चेहऱ्यावरच्या कडा रंग मिसळून नाहीशा केल्या होत्या. गुरोंच्या पद्धतीत तुकड्याच्या मधोमध पडलेली चमक हरवते, कारण रंग फक्त कोपऱ्यांवर मोजलेला असतो. फोंगने रंगाऐवजी पृष्ठभागाची दिशा कोपऱ्यांपासून आत पसरवली आणि प्रत्येक ठिपक्यावर प्रकाश नव्याने मोजला. १९७५ मध्ये, अगदी तरुण वयात, तो गेला.

गोंधळ संपला असं मी म्हणणार नाही. बी-स्प्लाइन अजून माझ्या हातात बसलेले नाहीत, आणि झेड-बफरवरचा प्रोग्राम चालतो पण त्यातली एक ओळ मला अजून खटकते. पण आता मी शिकवणाऱ्यांना एक विनंती ठामपणे करू शकते. ब्रेसनहॅमच्या आधी त्यांचा प्लॉटर दाखवा. तीन बाय तीनच्या आधी दोन बाय दोन कुठे अडते ते मुलांच्या हातून होऊ द्या. चार शेजारी आणि आठ शेजारी हे दोन मुद्दे म्हणून लिहून देऊ नका, रंग एकदा बाहेर पडू द्या. यात वेळ जातो हे खरं, पण हा वेळ परीक्षेच्या आदल्या रात्री पुरेपूर वसूल होतो.

आणि ज्यांचं तिसरं सेमिस्टर आता सुरू होतंय त्यांच्यासाठी : टर्बो सी उघडण्याआधी आलेखाचा एक कागद घ्या. शून्य-शून्यपासून सात-पाचपर्यंतची रेघ करा. पीची सुरुवात तीनने होते. धन आला की चढून चार वजा करा, ऋण आला की त्याच ओळीत राहून दहा मिळवा. वाय असे यायला हवेत : ०, १, १, २, ३, ४, ४, ५.